निळ्या पट्टीखालची लाल पट्टी

आमच्या घरी मला दुकानात पाठवत नाहीत. आधी पाठवायचे, आता बंद केलं. मी मीठ आणायला गेलो तरी माझा हात आधी ब्रेडच्या पुड्याकडे जातो. दोन बोटांनी दाबतो, उलटा करून बुडाकडून पाहतो, नाकाशी नेतो. दुकानदार घसा खाकरतो आणि म्हणतो, "काका, घ्याचा असन त घ्या, नाई त ठेवा." नागपूरला मुलाकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या चकचकीत दुकानात मी अकरा पुडे दाबले. सून लाजेनं साबणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बायको म्हणाली, "अवो, हात आवरा ना जी. रिटायर झाले ना तुमी?"

शरीर रिटायर झालं, हात झाले नाहीत. त्यांना कोण समजावणार?

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, इतकी वर्षं तुम्ही ब्रेड-पाव विकला, तर ताजं कसं ओळखायचं ते लिहा, वाचकांच्या कामी पडेल. लिहितो. पण ताजं-शिळं लिहायला बसलो की मला हिंगणी आठवते, आणि हिंगणी आठवली की मी उठून अंगणात चकरा मारतो. चार ओळी लिहायच्या आणि वीस चकरा मारायच्या, असं आठ दिवस चाललंय. आधी धंद्याचं सांगतो, मग हिंगणीचं. हिंगणीचं टाळून फक्त धंद्याचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ते मला जमणार नाही.

मी लाइनवाला होतो. वर्ध्याच्या एका बेकरीतून पहाटे माल उचलायचा आणि रस्त्यावरच्या छोट्या दुकानांना टाकत जायचा, याला आमच्यात लाइन म्हणतात. माझी लाइन वर्धा, सेलू आणि पुढे बोर धरणाच्या अंगाला हिंगणीपर्यंत. नव्वदच्या दशकात सुरू केली तेव्हा मोपेडला मागे दोन क्रेट बांधायचो, पुढे मालवाहू ऑटो आला. तेवीस दुकानं होती. दुकानं म्हणजे काय, कोणाची ओसरी, कोणाची टपरी, कोणाच्या घराची पुढची खोली. बिस्किटं, तेल, विड्या, शाम्पूच्या पुड्या, आणि त्यातच आमचा ब्रेड, बन, टोस्ट, क्रीमरोल. जुनी माणसं ब्रेडला डबलरोटी म्हणायची. घरात कोणी आजारी पडलं किंवा जावई आला तरच ती विकत घेतली जायची. त्यामुळे खेड्यात शिळी डबलरोटी देणं म्हणजे एकतर दुखणाईताला फसवणं, नाहीतर जावयाला.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात सकाळी टाकलेला ब्रेड दुपारी पुड्यातच वाळून कडक व्हायचा, भट्टीची गरजच नाही. पावसाळ्यात बुरशी. पण बुरशीला मी कधी नावं ठेवत नाही. ती इमानदार असते. हिरवी-काळी होऊन समोर येते आणि सांगते, मला फेका. खरी बदमाश ती तार.

तार म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. दमट हवेत दोन-तीन दिवस राहिलेला पाव कधी कधी आतून सडतो आणि बाहेरून तसाच राहतो. वरून सोनेरी, दाबला तर नवरीच्या गालासारखा मऊ. हात इथे फसतो. मोडला की मात्र आतून चिकट तार सुटते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि जास्त पिकलेल्या खरबुजाचा वास येतो. मोडल्याशिवाय कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती म्हण बेकरीवाल्यांसाठीच केलेली असावी.

विकला न गेलेला माल आम्ही परत घ्यायचो, त्याला वापसी म्हणायचे. वापसीच्या ब्रेडचे टोस्ट व्हायचे. टोस्ट खाणाऱ्यांनी राग मानू नये. दुसऱ्यांदा भट्टीत गेलं की सगळं शुद्ध होतं, असा आमचा समज होता, आणि कोणाचं काही वाईट झाल्याचं मी ऐकलं नाही.

पण दुकानात कालचा कोणता आणि आजचा कोणता हे कसं कळणार? तेव्हा पुड्यांवर तारीख नसायची. यावर तोड मी काढली. मालकांनी नाही, मी. पुड्याचं तोंड पिळून त्याला चिकटपट्टी लावायचे, ती मी रोज वेगळ्या रंगाची लावायला सांगितली. मंगळवारी लाल, बुधवारी पिवळी, गुरुवारी हिरवी, शुक्रवारी निळी, शनिवारी पांढरी, रविवारी केशरी. सोमवारी भट्टी बंद. मी तेवीस दुकानदारांना रंग पाठ करून दिले. कोणी कालचा पुडा आज खपवायला लागलं तर मला लांबूनच दिसायचं. माल ओळखायचं शास्त्र आपण वर्धा जिल्ह्यात आणलं, अशी माझी छाती फुगली होती. आजही थोडी फुगते, खोटं कशाला बोलू?

सगळे दुकानदार पट्टीवर विसंबत नव्हते. सेलूचा एक जण माझ्यासमोर पुडा फोडून बन मोडायचा, वास घ्यायचा आणि मग क्रेट उतरवू द्यायचा. मला राग यायचा. म्हणायचो, "काऊन जी, पट्टी दिसत नाई का?" तो म्हणायचा, "पट्टी तुम्ही लावली. बन मले विकाचा हाय."

हिंगणीची कुसुमताई मात्र कधी काही फोडत नसे.

कुसुमताईंचं दुकान म्हणजे घराची ओसरी. नवरा शेती करायचा, कमी बोलायचा. दुकान सगळं ताईंचं. चाळिशीच्या असतील तेव्हा. कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. स्टँडवर व्यापाऱ्याचं मोठं दुकान होतं, तिथे सगळं मिळायचं आणि थोडं स्वस्तही. तरी अर्धं गाव ताईंकडे यायचं, कारण एकच. ती शिळं देत नाही. गावात एक रिटायर मास्तर होते, त्यांना ताजी डबलरोटी चालत नसे. चहात बुडवली की विरघळते म्हणायचे. त्यांना कालचीच पाहिजे. त्यांच्यासाठी ती एक पुडा वेगळा ठेवायची आणि देताना रोज, अगदी रोज, मोठ्यानं सांगायची, "मास्तर, कालची हाय बरं का." मास्तर म्हणायचे, "मालूम आहे गं बाई, कालचीच मागितली." ती म्हणायची, "मालूम असो, पन मी सांगीन."

मी पहिल्यांदा तिला रंग समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुमी पट्टी लावली म्हनजे झालं. मी काऊन पाहू?"

मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

आता पोळ्याचं सांगतो. थांबा, पाणी पिऊन येतो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवतात, त्यांना झुली घालतात, मारुतीच्या पटांगणात रांगेनं उभे करतात आणि मग घरोघरी घेऊन जातात. प्रत्येक घरी बैलाची पूजा होते आणि पोरांना बोजारा मिळतो. कोणी रुपया देतं, कोणी चॉकलेट. कुसुमताईंचा बोजारा गावात प्रसिद्ध होता. ती प्रत्येक पोराला एक गोड बन द्यायची. साठेक पोरं. दरवर्षी आठ दिवस आधी मला सांगायची, "भाऊ, धा पुडे बनाचे. त्या दिवशीचे पाह्यजेत."

त्या वर्षी पोळा गुरुवारी आला. बेकरीतले कारागीर सगळे आसपासच्या खेड्यांतले, बैलवाले. पोळ्याला कोण थांबतो? दोघं उरले. माल निम्माही निघाला नाही. शुक्रवारी पहाटे मी गेलो तर मालकांनी कोपऱ्यातल्या वापसीच्या क्रेटकडे बोट दाखवलं. मंगळवारचे बन होते. लाल पट्टीचे. तीन दिवसांचे, आणि वर पावसाची सारखी झड लागलेली. मालक म्हणाले, "मनोहर, पट्टी बदल आणि घेऊन जा. आज कोण पाहतं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. मालक चांगले होते, त्यांनी मला काढलं नसतं. थोडं कुरकुरले असते, बस्स. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नोकरीसाठी केलं असं म्हणायची सोय मला नाही. माझ्या घरीही तान्हा पोळा होता, माझी दोन्ही पोरं बैल रंगवून बसली होती, मला दहाच्या आत घरी पोचायचं होतं. वाद घालायचा कंटाळा आला. एवढंच कारण.

लाल पट्टी नीट निघेना, प्लास्टिक फाटत होतं. मी तिच्यावरच निळी लावली. दहा पुडे. शेवटचा पुडा हातात असताना काय वाटलं कोण जाणे, एक बन काढला आणि मोडला.

तार सुटली. बारीक, पण सुटली. खरबुजाचा वास आला. मी तो बन फेकून दिला, त्या पुड्यात चांगला दिसणारा दुसरा टाकला आणि निळी पट्टी लावली.

मग विचार आला, हे टाकायचे कोणाकडे? सेलूवाला मोडून पाहणार. सणाचा माल म्हणून बाकीचेही त्या दिवशी सावध. तेवीस दुकानं मनात एकेक करून आली आणि गेली, आणि शेवटी जो मोडून पाहत नाही त्याचंच नाव उरलं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे. शिळं नेहमी भरवशाच्याच माणसाकडे जातं. दुसरीकडे खपतच नाही.

हिंगणीला पोचलो तेव्हा ताई ओसरी सारवत होती. पुडे मोजूनही घेतले नाहीत. म्हणाली, "ठेवा तिकडं. लेकरायले घेऊन यायचं होतं ना आज, भाऊ." मी घाई आहे म्हणालो. दहाच्या आत घरी पोचलो. पोरांचे बैल पुजले. दिवसभर मी घरात बसलो नाही, नुसता फाटकापर्यंत आणि परत.

शनिवारी गेलो तर ओसरीत कोणी नव्हतं. एरवी सकाळी पाच-सहा बाया उभ्या असायच्या. ताई फळीमागे बसली होती. मला पाहून उठली. आतून एक टोपली आणून माझ्यासमोर ठेवली. अर्धवट खाल्लेले बन, पोरांच्या दातांच्या खुणा असलेले.

"पोट्ट्यायच्या हातातून एकेक मांगून घेतले," ती म्हणाली. "एक पोट्टा मनला, काकू, यात कोळी राह्यते. बाया जमा झाल्या. कोनी मनलं, फुकटात द्याचं म्हनून सडकं देल्लं. बैलासमोर टाकले त बैलानंही तोंड फिरवलं, भाऊ. पोळ्याच्या बैलानं."

सुदैवानं कोणा पोराला काही झालं नाही. मी तेच विचारलं आधी. ती म्हणाली, "नाई. देवाची किरपा."

मग तिनं पदराच्या गाठीत बांधलेली एक पट्टी काढून फळीवर ठेवली. वर निळी, खाली लाल. कडेनं सोललेली.

"हे तुमाले मालूम होतं का, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. आणि मी, तेवीस दुकानांना रंग शिकवणारा माणूस, म्हणालो, "नाई, ताई. बेकरीत कोनी केलं असन. मी पाह्यलं नाई."

तिनं ती पट्टी उचलून मुठीत घेतली. मग तिचा चेहरा सैल झाला. मला ते अजून दिसतं. तिला बरं वाटलं होतं.

"मले तेच वाटलं," ती म्हणाली. "बाया इचारत होत्या, कोनं आनले म्हनून. मी तुमचं नाव नाई घेतलं. तुमाले मालूमच नाई त तुमचं नाव काऊन घेऊ? मनलं, दुकान माह्यं, चूक माही."

मी मान हलवली. खरं सांगायची वेळ तीच होती.

पुढचे सात-आठ महिने ताईंकडची डबलरोटी कोणी घेतली नाही. मास्तरसुद्धा स्टँडवर जायला लागले. तेल-मीठ घ्यायला काही बाया यायच्या, तेही पुडी उघडून पाहायच्या. जिच्या हातचं गाव डोळे मिटून घ्यायचं, तिच्यासमोर गूळ मोडून वास घ्यायला लागले. पुढच्या तान्ह्या पोळ्याला तिनं पोरांना बंद पुड्यातली चिक्की वाटली. बनाचं नावही काढलं नाही.

पण माझ्याकडून माल घेणं तिनं थांबवलं नाही. दोनच पुडे, पण रोज. आणि त्यातला एक ती माझ्यासमोर फोडायची, मधली एक स्लाइस काढायची आणि उभ्याउभ्या खायची. पूर्ण. चहा नाही, पाणी नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. तुमच्या बेकरीवर आता माहा भरोसा नाई. कोनी उद्या तुमचं नाव घेतलं त मी सांगीन ना, की माह्यासमोर आनली आन मी खाऊन पाह्यली."

चतुर्थी-एकादशीला उपास असला की खायची नाही, मोडून वास घ्यायची. बाकी रोज खायची. बारा वर्षं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सेलू सोडून ऑटो हिंगणीच्या रस्त्याला लागला की मी आपोआप गाडी हळू करायचो. तिच्यासाठी मी भट्टीतून निघालेले पहिले पुडे वेगळे ठेवायला लागलो. मग वाटायचं, हीसुद्धा फसवणूकच. म्हणून सगळ्याच दुकानांचा माल तपासायला लागलो. प्रत्येक क्रेट, प्रत्येक पुडा. मालकांशी भांडलो, वापसी बाहेरच्या बाहेर जनावरांना द्यायला लावली. माझं नाव झालं. मनोहरभाऊचा माल म्हणजे डोळे झाकून घ्या. हळूहळू हिंगणीतल्या बायाही ताईंकडे परत आल्या, मास्तर परत आले. माझ्या नावावर आले, असं लोक म्हणायचे. असं कोणी म्हटलं की मी तिथून उठायचो.

मधल्या काळात पुड्यांवर तारखा छापून यायला लागल्या, पट्ट्यांचे रंग गेले. मोठ्या कंपन्यांचे ब्रेड खेड्यात पोचले. ताई मात्र माझ्यासमोर स्लाइस खायची ती खायचीच. तिचे केस पांढरे झाले. पुढचे दोन दात पडले, तरी चावून चावून खायची.

मी घरी बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले सांगून द्या ना. किती दिवस असे फिरून राह्यले तुमी?" मी दर पोळ्याला ठरवायचो, आणि दर पोळ्याला काहीतरी आडवं यायचं. खरं सांगायचं तर मीच आडवा यायचो.

गुडघे गेले, डॉक्टर ऑटो सोडा म्हणाले. लाइन दुसऱ्याला द्यायचं ठरलं. शेवटच्या दिवशी बावीस दुकानांत चहा प्यालो, दोन ठिकाणी नारळ मिळाला. हिंगणी शेवटी ठेवली.

ताईंनी पुडा फोडला. त्या दिवशी दोन स्लाइस काढल्या. एक स्वतः घेतली, एक माझ्या हातात दिली. "घ्या भाऊ. तुमच्या नावासाठी इतके वर्स मी एकटीच खाल्ली. आज तुमी बी खा."

मी तुकडा तोंडात टाकला. ताजी होती.

"ताई," मी म्हणालो, "त्या पोळ्याचे बन. पट्टी मीच लावलती. मी बन मोडून बी पाह्यला होता. तार सुटली होती. मले मालूम होतं."

ती चावता चावता थांबली. हातातली उरलेली स्लाइस खाली ठेवावी की धरून ठेवावी हे तिला कळेना झालं. मग तिनं ती पुड्याच्या कागदावर ठेवली. मी वाट पाहत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

ती तोंडातला घास गिळून म्हणाली, "मले डबलरोटी कधीच आवडली नाई, भाऊ."